खेळण्यातल्या रेल्वेच्या प्रत्येक डब्याला स्वतःचं बटण देणारा माणूस : जोशुआ लायनेल काउएन

खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेल्या माणसाला विचारा, नवं इंजिन घरी आलं की पहिलं काम काय? तो सांगेल, नंबर बदलायचा.

आजकालच्या डिजिटल इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढा एक सर्किट बोर्ड असतो. त्याला डिकोडर म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडताना बहुतेक डिकोडरचा नंबर ३ असतो. आता एकाच रुळावर तीन नंबरची दोन इंजिनं ठेवली तर काय होणार? एकाला चल म्हटलं की दोन्ही चालणार. म्हणून आधी नंबर बदलायचा, मग गाडी पळवायची.

रुळातून वीज जाते. त्याच रुळातून हुकूमही जातो. आणि तो हुकूम ज्याच्यासाठी आहे त्यानंच ऐकायचा, शेजारच्यानं गप्प बसायचं. ऐकायला हे कॉम्प्युटरच्या जमान्यातलं वाटतं. पण न्यूयॉर्कच्या एका खेळण्यांच्या कंपनीनं हाच प्रकार १९४६ साली दुकानात विकायला ठेवला होता. तोवर ट्रान्झिस्टरचा शोधही लागला नव्हता.

कंपनीचं नाव लायनेल. ती उभी करणाऱ्याचं नाव जोशुआ लायनेल काउएन.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी बघितलंय, त्यांना हा नाद काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेत हा नाद घराघरात नेण्यात या काउएनचा मोठा हात होता.

जोशुआचा जन्म १८७७ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील ज्यू, बाहेरून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. नऊ भावंडांत हा आठवा. मूळ आडनाव कोहेन, ते त्यानं १९१० मध्ये बदलून काउएन करून घेतलं. अभ्यासात मन रमायचं नाही, हातानं काहीतरी जोडत बसायला आवडायचं. कॉलेजात नाव घातलं आणि अर्ध्यावर सोडलंही.

सात वर्षांचा असताना त्यानं लाकडाचं छोटं इंजिन कोरलं आणि त्याला खरोखरचं वाफेचं यंत्र बसवलं. यंत्राचा स्फोट झाला आणि घरातल्या भिंतीवरच्या कागदाची वाट लागली. हा किस्सा काउएन पुढं आयुष्यभर सांगायचा. आता गडी गोष्टी रंगवून सांगण्यात तरबेज होता, त्यामुळं त्याच्या तोंडचे किस्से चाळणी लावूनच घ्यावे लागतात. कुंडीतल्या झाडावर उजेड पाडायला आपण नळीत बॅटरी आणि दिवा बसवला, ती कल्पना कॉनरॅड ह्यूबर्टला देऊन टाकली आणि त्यातूनच एव्हरेडीचा टॉर्च झाला, असंही तो सांगायचा. ह्यूबर्ट टॉर्चच्या धंद्यात कोट्यधीश झाला हे खरं. पण टॉर्चचं श्रेय काउएनला द्यायला इतिहासकार काही तयार नाहीत.

ज्याची कागदोपत्री नोंद आहे ती गोष्ट वेगळी. त्या काळी फोटो काढताना उजेडासाठी एक पावडर पेटवावी लागायची. बॅटरीनं तार तापवून ही पावडर पेटवायची युक्ती जोशुआनं काढली आणि १८९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. वीज सोडली की तार तापते, तार तापली की पावडर पेटते. अमेरिकन नौदलाला हे बघून पाणसुरुंग आठवले. त्यांनी त्याच्याकडून हजारो फ्यूज बनवून घेतले.

हातात पैसा आला. १९०० साली हॅरी ग्रँट नावाच्या जोडीदाराबरोबर त्यानं मॅनहॅटनच्या मरे स्ट्रीटवर कंपनी काढली. कंपनीला स्वतःचं मधलं नाव दिलं, लायनेल. पण कंपनी निघाली तरी विकायचं काय, हेच ठरलेलं नव्हतं. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंखा केला, तो फारसा चालला नाही. पंख्याची मोटर तेवढी हातात उरली.

तर झालं असं की, कॉर्टलँड स्ट्रीटवर रॉबर्ट इंगरसोल नावाच्या माणसाचं खेळण्यांचं आणि चिजांचं दुकान होतं. काचेमागं मांडलेल्या वस्तूंकडं लोकांचं लक्ष जाईना. काउएनच्या डोक्यात आलं, वस्तू हलली तर लोक थांबतील. त्यानं लाकडाची एक उघडी वॅगन केली, दिसायला सिगारच्या खोक्यासारखी. खाली मोटर बसवली आणि ती गोल रुळावर फिरत ठेवली. वॅगनमध्ये दुकानातला माल ठेवायचा, गाडी फिरत राहणार, लोक बघत राहणार.

लोक थांबले. पण आत येऊन त्यांनी माल मागितला नाही, गाडीच मागितली.

इंगरसोलनं आणखी गाड्या मागवल्या आणि काउएनला आपला धंदा सापडला. बरं, तेव्हा घरोघरी वीज नव्हती. सुरुवातीच्या गाड्या सुक्या सेलवर नाहीतर काचेच्या बरण्यांत ॲसिड ओतून केलेल्या बॅटरीवर चालायच्या. पोरांच्या खेळण्याशेजारी ॲसिडची बरणी, आज कुणी विकून दाखवावी.

१९०६ मध्ये त्यानं रूळ बदलले. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ टाकला. वीज मधल्या रुळातून येणार आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाणार. दोनच रूळ असले तर एकातून वीज येते आणि दुसऱ्यातून जाते. मग रूळ वळसा घालून परत त्याच मार्गाला उलट्या बाजूनं जोडला की दोन्ही भिडतात आणि शॉर्ट होतं. तिसऱ्या रुळानं ही कटकट संपली, पोरं हवा तसा रूळ जोडायला मोकळी. ही युक्ती काही त्याची स्वतःची नव्हती, जर्मन कंपन्या ती आधीपासून वापरत होत्या. त्याचा खरा डाव नावात होता. आपल्या रुळाच्या मापाला त्यानं स्टँडर्ड असं नाव दिलं आणि ते ट्रेडमार्क करून टाकलं. कुणाच्याच मापाशी न जुळणारं माप, आणि नाव काय तर स्टँडर्ड. बाकीच्या कंपन्यांनी पुढं तेच माप घेतलं तेव्हा त्यांना तो शब्द वापरता येईना, त्या बिचाऱ्या वाईड म्हणत बसल्या.

जाहिरातीत काउएनचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचा पत्रा कसा पातळ, जोड कसे कच्चे, हे तो बिनदिक्कत छापायचा. पण त्याचं मोठं अस्त्र वेगळंच होतं. लायनेलच्या जाहिरातीत आणि कॅटलॉगमध्ये बाप आणि मुलगा शेजारी बसून गाडी चालवताना दिसायचे. गाडी मुलाला घ्या, म्हणजे तो तुमच्याजवळ बसेल, असा त्याचा सूर असायचा. १९०४ मध्ये त्याचं सेसिलिया लिबरमनशी लग्न झालं, त्यांना लॉरेन्स आणि इझाबेल अशी दोन मुलं झाली. यातला लॉरेन्स पुढं पुन्हा येणार आहे, तेव्हा या जाहिराती लक्षात ठेवा.

आता वळू तांत्रिक भागाकडं, कारण डिकोडरची मुळं तिथं आहेत.

घरात एसी वीज आली तसा बरणीच्या जागी ट्रान्सफॉर्मर आला. हँडल फिरवा, वेग कमीजास्त करा. पण गाडी मागं कशी न्यायची? डीसी विजेवरच्या मॉडेलमध्ये तारा उलट्या केल्या की मोटर उलटी फिरते. एसीची दिशा मुळातच सेकंदाला कितीतरी वेळा बदलत असते, त्यामुळं तारा उलट्यापालट्या करून काही होत नाही. पोरानं उठायचं, गाडीपाशी जायचं आणि इंजिनावरची कळ हातानं दाबायची.

यावर उत्तर होतं आयव्हज या कंपनीकडं. हे लायनेलचे जुने स्पर्धक. त्यांच्या इंजिनात एक गोल ड्रम होता. वीज एकदा बंद करून पुन्हा दिली की ड्रम एक घर पुढं सरकायचा. पुढं, मग थांब, मग मागं, मग परत थांब. १९२८ मध्ये आयव्हज बुडाली. लायनेलनं आधी अमेरिकन फ्लायर या कंपनीबरोबर भागीत ती घेतली आणि नंतर सगळीच ताब्यात घेतली. नावाबरोबर हा ड्रमही आला. लायनेलच्या इंजिनांत तो पुढं ई-युनिट म्हणून ओळखला गेला.

वरवर बघता साधी गोष्ट आहे, पण विचार करा. रुळातून फक्त वीज जात होती, ती आता निरोप्याचंही काम करायला लागली. वीज गेली, हाच हुकूम. अडचण एवढीच की हा हुकूम रुळावरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जायचा. दोन इंजिनं असली तर दोन्हींचे ड्रम फिरायचे.

मंदी आली तेव्हा खेळण्यातली महागडी रेल्वे घेणार कोण? मे १९३४ मध्ये लायनेल रिसीव्हरशिपमध्ये गेली, म्हणजे कारभार कोर्टानं नेमलेल्या माणसांच्या हाती. त्याच वर्षी कंपनीनं मिकी आणि मिनी माऊस दांडा हलवत चालवतात अशी ट्रॉली काढली. किंमत एक डॉलर. वीजबीज काही नाही, चावी भरायची. अडीच लाखांवर विकल्या गेल्या आणि जानेवारी १९३५ मध्ये कंपनी रिसीव्हरशिपमधून बाहेर पडली. मिकी माऊसनं लायनेल वाचवली अशी बातमी सगळीकडं झाली. गोष्ट गोड आहे, पण एक डॉलरच्या खेळण्यात नफा तो किती असणार? त्याच सुमारास लायनेलनं युनियन पॅसिफिकच्या नव्या चकचकीत स्ट्रीमलायनर गाडीचं मॉडेलही काढलं होतं आणि पैसा त्यानंही आणला. पण पेपरवाल्यांना मिकी जास्त आवडला.

१९३५ मध्ये लायनेलनं शिट्टी आणली. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये, छोटी मोटर आणि पंखा बसवला. पंख्याची हवा शिट्टीतून गेली की खऱ्या गाडीसारखा आवाज यायचा. ती वाजवायची मात्र लांबून, ट्रान्सफॉर्मरपाशी बसून, गाडी चालू असताना. जादा तार टाकायची सोय नाही. वीज बंद करावी तर ड्रम फिरणार आणि गाडीच थांबणार.

लायनेलनं काय केलं, तर एसीच्या पाठीवर डीसी बसवली. गाडी पळते एसीवर. शिट्टीचं बटण दाबलं की त्याच रुळात एसीसोबत थोडी डीसी जायची. मोटरला त्याचं काही वाटायचं नाही, ती आपली पळत राहायची. टेंडरमधला रिले मात्र असा बनवलेला की एसीला तो जागचा हलायचा नाही आणि डीसी आली की ओढला जायचा. रिले ओढला गेला की शिट्टीची मोटर सुरू. एकाच तारेतून ताकद आणि निरोप एकत्र पाठवायचे, आणि घेणाऱ्यानं आपल्या कामाचं तेवढं वेगळं काढायचं. डिकोडर आज नेमकं हेच करतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, खेळण्यांचं उत्पादन बंद झालं. लायनेलचा कारखाना नौदलासाठी होकायंत्रं आणि दिशा दाखवणारी उपकरणं बनवायला लागला. पण ख्रिसमसला पोरांच्या हातात लायनेल नाही, हे काउएनला कसं चालणार? १९४३ मध्ये त्यांनी पुठ्ठ्याची गाडी काढली. इंजिन पुठ्ठ्याचं, डबे पुठ्ठ्याचे, रूळही पुठ्ठ्याचे. ती जोडता जोडता आयाबापांच्या नाकीनऊ आले. लायनेलच्या इतिहासात एवढी बदनाम झालेली वस्तू दुसरी नसेल.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये लॉरेन्स कंपनीचा अध्यक्ष झाला आणि जोशुआ चेअरमनच्या खुर्चीत गेला. लष्करासाठी काम करताना कारखान्याला नाजूक विद्युत उपकरणांचा सराव झाला होता, देशभर रेडिओचं ज्ञान वाढलं होतं. १९४६ च्या कॅटलॉगमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल सेट आला.

आत काय होतं? एक वाफेचं इंजिन, टेंडर, उघडी वॅगन, बंद वॅगन, माल ओतणारा डंप डबा आणि शेवटी गार्डचा डबा. सोबत दहा बटणांची एक कंट्रोल पेटी. प्रत्येक बटण दाबलं की पेटीतून वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ सिग्नल निघायचा, आणि तो हवेतून नाही तर रुळांतून जायचा. सेटमधल्या प्रत्येक डब्यात एक रिसीव्हर, आपापल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला. डब्यावर रंगीत खूण, बटणावर तीच खूण. त्या रंगाचं बटण दाबलं की तोच डबा सुटायचा, बाकीचे जोडलेलेच राहायचे. दुसरं बटण दाबलं की डंप डबा आपला माल ओतायचा. इंजिन उलटं न्यायला एक बटण, शिट्टीला एक.

लायनेलच्या साध्या सेटमध्येही डबा सोडवता यायचा, पण त्यासाठी रुळाचा खास तुकडा लागायचा आणि गाडी बरोबर त्याच्यावर आणून थांबवावी लागायची. इथं गाडी कुठंही असली तरी चालायचं. पत्ता रुळाला नव्हता, डब्याला होता. या खेळात हा केवढा मोठा बदल होता हे तेव्हा फार कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

कारण सेट चालला नाही. महाग होता. रिसीव्हर नाजूक होते, त्यांची फ्रिक्वेन्सी सरकली की बटण दाबून काही होईना किंवा भलतंच व्हायचं. ते पुन्हा जुळवायचं काम शाळकरी पोराच्याच काय, बऱ्याच दुकानदारांच्याही आवाक्यातलं नव्हतं. आणि एवढं करून वेग होता तो ट्रान्सफॉर्मरच्या हँडलवरच. म्हणजे एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगानं पळवायची हौस काही फिटत नव्हती. १९४९ नंतर सेट कॅटलॉगमधून गेला.

गंमत अशी, त्याच १९४६ मध्ये लायनेलनं धूर सोडणारं इंजिनही आणलं. दिव्याच्या उष्णतेवर एक गोळी वितळायची आणि धुराड्यातून पांढरा धूर निघायचा. अक्कल म्हणाल तर दहा बटणांच्या पेटीपुढं ही काहीच नाही. पण पोरांनी धुरासाठी बापाच्या मागं लकडा लावला. काउएन दुकानदार होता, त्यानं धूर ठेवला आणि पेटी सोडली. धंदा म्हणून बरोबरच केलं. पण पेटीतली चूक रिसीव्हर महाग असण्याची होती, कल्पनेची नव्हती, आणि ती सुधारायला कंपनीकडं पैसा होता. लायनेलनं त्यानंतर कितीतरी वर्षं त्या वाटेला पाऊल टाकलं नाही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लायनेल जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांत मोडायला लागली. न्यू जर्सीतल्या तिच्या कारखान्यातून निघालेली गाडी ख्रिसमसच्या झाडाखाली नाही असं घर शोधावं लागायचं.

मग वारं फिरलं. घरात टीव्ही आला. लोक रेल्वेऐवजी मोटारीनं आणि विमानानं जायला लागले, पोरांना अवकाशयानांचं वेड लागलं. ज्यांना रेल्वेच हवी होती ते लहान आकाराच्या, दोन रुळांवरच्या एचओ मॉडेलकडं वळले. १९५७ मध्ये लायनेलनं मुलींसाठी गाडी काढली. इंजिन गुलाबी, डबे फिकट निळे-पिवळे. मुलींनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना गाडी हवी असली तर काळीच हवी होती, खऱ्यासारखी. दुकानदारांकडं ती पडून राहिली आणि आज तिच्यासाठी संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

१९५९ मध्ये जोशुआनं कंपनी सोडली. वय ८० च्या पुढं गेलेलं. आपले आणि मुलगी इझाबेलचे मिळून ५५ हजार शेअर त्यानं विकले. ते घेणाऱ्या गटाचा म्होरक्या होता रॉय कोहन. हा तोच वकील, जो कम्युनिस्टांची शिकार करणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा उजवा हात होता. नात्यातलाच होता, काउएन त्याच्या आजोबांच्या पिढीतला.

लॉरेन्स तेव्हा कंपनी चालवत होता. कंपनीचा इतिहास लिहिणारे सांगतात की या सौद्याचा त्याला पत्ताच नव्हता. बाप आणि मुलगा शेजारी बसवून ज्यानं अर्धशतक गाड्या विकल्या, त्यानं कंपनी विकताना मुलाला विचारलं नाही. का, याची कारणं घरातली असतील, ती घरातच राहिली. लॉरेन्सही मग बाहेर पडला.

कोहनला रेल्वेत रस नव्हता. त्यानं इकडच्या तिकडच्या कंपन्या गोळा केल्या, तोटा वाढत गेला आणि १९६३ मध्ये त्याच्या हातूनही लायनेल गेली. जोशुआ फ्लोरिडात पाम बीचला राहत होता. तिथंच ८ सप्टेंबर १९६५ ला त्याचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. १९६९ मध्ये गाड्या बनवायचा हक्क जनरल मिल्सकडं गेला, म्हणजे नाश्त्याचं सीरियल विकणाऱ्या कंपनीकडं.

जोशुआ हयात असतानाच १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं ॲस्ट्रॅक नावाची प्रणाली काढली. एका रुळावर पाच इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. १९४६ च्या पेटीला जे जमलं नव्हतं ते इथं जमलं, वेगही ताब्यात आला. पण प्रत्येक इंजिनाला एक फ्रिक्वेन्सी दिली तर इंजिनं वाढवायला मर्यादा येते. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीनं मायक्रोप्रोसेसर असलेली झीरो १ आणली, त्यात १६ इंजिनं. नंतर जर्मनीत बर्न्ड लेन्झच्या कंपनीनं जी पद्धत बसवली, तिच्यावरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं १९९० च्या दशकात सगळ्या कंपन्यांसाठी एक मानक ठरवलं. तेच आजचं डीसीसी.

डीसीसीमध्ये फ्रिक्वेन्सी वाटून द्यायची भानगड नाही. रुळातली वीज सतत दिशा बदलत असते. प्रत्येक दिशेला सुमारे ५८ मायक्रोसेकंद राहिली तर तो एक, १०० किंवा जास्त राहिली तर शून्य. या एक-शून्यांतून आधी पत्ता जातो, मग हुकूम. रुळावरचा प्रत्येक डिकोडर प्रत्येक निरोप ऐकतो, पत्ता आपला नसेल तर सोडून देतो. रंगीत खुणेच्या जागी नंबर आला, एवढाच फरक.

तो नंबर आणि बाकीच्या सगळ्या सवयी डिकोडरच्या मेमरीत क्रमांक घातलेल्या कप्प्यांत असतात. त्या कप्प्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये पत्ता. सीव्ही २ मध्ये इंजिन हलायला सुरुवातीला किती व्होल्टेज द्यायचं ते. सीव्ही ३ आणि ४ मध्ये वेग किती सावकाश चढवायचा आणि किती सावकाश उतरवायचा. जड मालगाडीचं इंजिन झटकन सुटलं तर खोटं वाटतं, म्हणून हौशी लोक या दोन कप्प्यांत तासन्‌तास घालवतात. सीव्ही २९ मध्ये बऱ्याच गोष्टींची बेरीज असते. साधारणपणे तिथं ६ हा आकडा असतो. १२७ च्या वरचा मोठा पत्ता वापरायचा असेल तर त्यात ३२ मिळवायचे आणि ३८ करायचे. मोठा पत्ता दिला आणि हे विसरलं, तर इंजिन त्या पत्त्याला ओ देत नाही. नवखा माणूस डिकोडर जळाला म्हणून तो परत करायला निघतो.

हे लिहिणं शक्यतो वेगळ्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर करतात, म्हणजे बाकीच्या इंजिनांचे नंबर चुकून बदलत नाहीत. डिकोडर उत्तर देतो तेही बघण्यासारखं आहे. त्याच्याकडं परत बोलायला वेगळी तार नसते. म्हणून होकार द्यायचा असला की तो क्षणभर मोटरला वीज देतो. तेवढ्यानं वाढलेला करंट यंत्राला कळतो आणि इंजिन जागच्या जागी किंचित दचकतं.

लायनेल स्वतः या वाटेवर परतली ती १९९० च्या दशकात. रॉक गायक नील यंगला या गाड्यांचा भारी नाद. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, छोटी बटणं दाबणं अवघड जायचं. मुलाला गाडी चालवता यावी म्हणून यंगनं सोपे कंट्रोल बनवून घ्यायला सुरुवात केली. ते काम वाढत गेलं, लायनेलची ट्रेनमास्टर ही रिमोटवरची कमांड प्रणाली त्यातून बाहेर आली आणि १९९५ मध्ये यंग कंपनीचा भागीदार झाला. ट्रेनमास्टरची भाषा डीसीसीपेक्षा वेगळी आहे. पण प्रत्येक इंजिनाला नंबर द्यायचा आणि ते इंजिन रिमोटवर निवडून चालवायचं, हे तेच.

जुना ट्रान्सफॉर्मर माळ्यावर असलेल्या लोकांसाठी लायनेलनं आणखी एक सोय ठेवली आहे. ट्रेनमास्टरचा बोर्ड असलेलं इंजिन कमांडशिवाय साध्या एसी रुळावर ठेवलं, तरी वीज बंद करून पुन्हा दिली की ते पुढं, थांब, मागं याच क्रमानं वागतं. आणि ट्रान्सफॉर्मरवरचं शिट्टीचं बटण दाबलं की रुळात १९३५ सारखीच थोडी डीसी जाते. बोर्ड ती ओळखतो आणि शिट्टी वाजवतो.